हंसमानेचा चंबू आणि ईश्वराची जागा

तांदूळ निवडताना आजी म्हणायची, ‘‘किडे बाहेरून येत नाहीत रे, धान्यातच होतात.’’ तिच्या मागे मोठी परंपरा होती. जरायुज, अंडज, उद्भिज्ज यांच्या जोडीला आपल्या शास्त्रांनी स्वेदज, म्हणजे घामातून वा उबेतून जन्मणारे जीव मानले होते. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून हीच समजूत होती. निर्जीवातून जीव उपजणे हा तेव्हा चमत्कार नव्हता, रोजचा व्यवहार होता.

एका गृहस्थांनी मला मध्यंतरी विचारले, ‘‘प्रयोगशाळेत अजून एकही जिवंत पेशी घडवता आलेली नाही. मग तिथे ईश्वराचा हात मानायला काय हरकत आहे?’’ मी विज्ञानाचा पदवीधर नाही; ग्रंथालयात बसून जे शिकलो तेवढेच माझे भांडवल. म्हणून उत्तर इतिहासात शोधले.

अठराव्या शतकात स्वयंजननाच्या बाजूने प्रयोग करणारा नीडहॅम कॅथलिक धर्मगुरू होता. त्याला खोडून काढणारा स्पालान्झानीही धर्मगुरूच. पुढे 1859 मध्ये रूआँच्या पूशे यांनी स्वयंजननावर ग्रंथ लिहिला. तेही श्रद्धाळू होते. आपले मत ईश्वराच्या विरोधात जाते असे त्यांना वाटत नव्हते. त्यांचे प्रतिस्पर्धी लुई पाश्चर. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला द्रव निर्जंतुक राहतो, हे पाश्चरनी दाखवले. 1860 मध्ये आल्प्समधल्या हिमनदीवर त्यांनी वीस चंबू उघडले; एकातच वाढ झाली. 1863 मध्ये पूशे पिरेनीज पर्वतावर गेले. त्यांच्या सगळ्या चंबूंत जीव उपजले.

दरम्यान डार्विनचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आला होता आणि स्वयंजनन म्हणजे नास्तिकता असे समीकरण जुळू लागले होते. 7 एप्रिल 1864 रोजी सॉर्बोनमधल्या जाहीर व्याख्यानात हा धोका पाश्चरनीच बोलून दाखवला. मात्र इथे धर्म वा नास्तिकता नव्हे, प्रयोगच निर्णय देईल, असेही सांगितले. त्याच वर्षी अकादमीच्या समितीपुढून पूशे यांनी माघार घेतली.

खरी मेख नंतर कळली. पूशे गवताचा काढा वापरत, पाश्चर यीस्टचा. गवतातल्या जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, हे 1870 च्या दशकात कोन आणि टिंडल यांनी दाखवले. म्हणजे पूशे यांचे निरीक्षण खोटे नव्हते, निष्कर्ष चुकला होता. ‘चंबूत अगम्य शक्ती आहे’ म्हणून सगळे थांबले असते, तर बीजाणू कोणी शोधलेच नसते.

पाश्चरच्या चंबूंनी आजच्या जंतूंचा प्रश्न सोडवला. पृथ्वीवरच्या पहिल्या जिवाचा नाही. त्या प्रश्नाला ओपारिन (1924) आणि हाल्डेन (1929) यांनी रसायनशास्त्राची वाट दाखवली. 1953 मध्ये मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून विजेची ठिणगी पाडून अमिनो आम्ले मिळवली. अमिनो आम्ल म्हणजे पेशी नव्हे. वाट अजून बरीच उरली आहे, हे कबूल.

पण उरलेली वाट हा ईश्वराचा पुरावा ठरत नाही. एकाच श्रद्धेची माणसे या वादात दोन्ही बाजूंना होती. शतकभरात पुराव्याने कूस बदलली, श्रद्धा मात्र टिकली. याचा अर्थ ती चंबूवर कधी उभीच नव्हती. ‘सृष्टी मुळात का आहे?’ असे विचारणाऱ्याला विज्ञान अडवत नाही. पुढचा चंबू कसा भरावा, हे मात्र अलौकिक कारण सांगू शकत नाही.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, ‘‘देवाला अज्ञानाच्या फटीत बसवू नका. फट बुजली, तर त्याने जायचे कुठे?’’