बांधावर येऊन थांबलेला कायदा

जरा मोठी पोस्ट आहे, पण फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत वाचा.

२०१७ चा खरीप विदर्भात कुणी विसरलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात शेतकरी होते, तसे रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. सरकारने एसआयटी नेमली, मदत जाहीर झाली, पाच कीटकनाशकांवर काही दिवसांची बंदी आली. टीव्हीवर चर्चा रंगल्या आणि बहुतेकांचा सूर एकच: "अडाणीपणा हो, हातमोजे घालत नाहीत, तोंडाला काही बांधत नाहीत."

पण मुळात विचारायला हवं होतं ते वेगळंच. या देशात पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात विष फवारणाऱ्या माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी कायद्याने नेमकी कुणावर आहे? उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

गिरणीपासून सुरुवात करू. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे कापूस गिरणीत पोचला की त्याला हात लावणारा माणूस कायद्याला दिसू लागला. तोच कापूस शेतात वेचणारी बाई मात्र दिसली नाही.

१९२९ मध्ये इंग्रज सरकारने कामगारांसाठी रॉयल कमिशन नेमलं, व्हिटली कमिशन. त्याला तपासायला काय दिलं? कारखाने आणि चहा-कॉफीचे मळे. साधी शेती त्यात नव्हतीच. गंमत बघा, त्याआधीच १९२२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर फ्रान्सने प्रश्न नेला होता की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला शेतमजुरांबद्दल बोलायचा अधिकार आहे का. कोर्टाने स्पष्ट सांगितलं, आहे. शेतात राबणारा हाही कामगारच. जगात हे ठरून गेलं होतं, आपल्याकडे रेघ तिथेच राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला, १९५१ चा मळे कामगार कायदा आला. चांगलेच कायदे होते. पण रेघ तीच. जिनिंगच्या आत कायदा, जिनिंगला कापूस पुरवणाऱ्या शेतात नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी कायदा, ऊस तोडणाऱ्या कोयत्यापाशी नाही.

आता विषाकडे येऊ. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेल्या धान्याच्या मालात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. न्यायमूर्ती शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे या कायद्याचा जन्म ताटातल्या विषातून झाला, फवारणाऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या विषातून नाही.

तरी १९७१ चे नियम वाचले तर माणूस चकित होतो. कीटकनाशक हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वासासाठी मास्क, उताऱ्याची औषधं, प्रशिक्षण, सगळं लिहिलंय. मग अडलं कुठे?

अडलं कलम ३८ मध्ये. त्यात म्हटलंय की स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. पुन्हा वाचा. कायदा कंपनीच्या गेटमधून निघतो, गोदामातून जातो, कृषी केंद्राच्या काउंटरवर येतो आणि शेताच्या बांधावर येऊन थांबतो. नेमकं जिथे डब्याचं झाकण उघडतं, तिथे.

हे कलम दुष्टपणाने घातलं असं माझं म्हणणं नाही. दोन एकरवाल्याच्या बांधावर इन्स्पेक्टर पाठवून त्याला छळायचं नव्हतं, हे रास्तच होतं. पण त्या सवलतीच्या आडोशाला रोजाने फवारणारा भूमिहीन मजूरही झाकला गेला. जमीन त्याची नाही, औषध त्याने निवडलेलं नाही, पंप मालकाचा. फक्त अंग त्याचं.

आणि हे विष अंगात कसं जातं तेही समजून घ्या. ऑर्गनोफॉस्फेट गटाची औषधं नाकातूनच नाही, कातडीतूनही आत जातात. पंप गळका असेल तर पाठ भिजते, घामाने आणखी लवकर शोषलं जातं. आत गेल्यावर मज्जातंतूंचं काम बिघडतं: घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांची बाहुली बारीक, छाती भरून येणं. २०१७ मध्ये कपाशी डोक्याच्या वर गेली होती. तोंडासमोरच्या झाडावर फवारायचं म्हणजे अर्धा फवारा आपल्याच अंगावर. अशा वेळी तोंडाला बांधलेला रुमाल कितीसा पुरणार?

"शेतीत कायदा चालतच नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. हरितक्रांतीनंतर मळणी यंत्रं आली आणि कित्येकांचे हात त्यात गेले. तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तो मुख्यतः मळणी यंत्रासाठीच होता. यंत्र कसं असावं, त्यावर काय सूचना असाव्यात, ही जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आणि इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूदही ठेवली. अंमलबजावणीबद्दल वेगळं बोलता येईल, पण विचार बरोबर होता: धोका जिथे तयार होतो तिथे जबाबदारी.

दुसरं उदाहरण २०१० चं. मळे कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन कीटकनाशकांच्या सुरक्षेचं अख्खं नवं प्रकरण आलं. प्रशिक्षण, संरक्षक कपडे, आंघोळीची सोय, वैद्यकीय तपासणी, सगळं मालकाची जबाबदारी. म्हणजे चहाच्या मळ्यात फवारणाऱ्याला हक्क मिळाला. सात वर्षांनी तशीच विषं कपाशीवर फवारणारा माणूस यवतमाळात मेला, त्याला तो हक्क नव्हता. फरक विषात नव्हता, पिकात होता.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शेतीतल्या सुरक्षा-आरोग्यासाठी १८४ क्रमांकाचा करार केला. यंत्रं, रसायनं, हंगामी मजूर, धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क, सगळं त्यात आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता तेरा जुने कायदे एकत्र करून आली, नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. पण तिचा साधारण उंबरठा दहा कामगारांचा. आपल्या शेतावर फवारणीला दोन-तीन गडी असतात. कीटकनाशकांच्या नव्या कायद्याचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं, २०२० मध्ये पुन्हा आलं. आजही कारभार १९६८ च्याच कायद्यावर चाललाय.

आणि राज्याची अपघात योजना? गोपीनाथ मुंडेंच्या नावाची. ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. फवारताना भूमिहीन मजूर गेला तर त्याच्या घरच्यांनी कुठला उतारा दाखवायचा?

मागणी फार मोठी नाही. कलम ३८ ची सवलत स्वतःच्या शेतात स्वतः फवारणाऱ्यापुरती ठेवा, मजुरी देऊन करवून घेतलेल्या फवारणीला नको. त्यासाठी शेतकऱ्याला कोर्टात खेचायची गरज नाही. १९८३ सारखं करा: औषध विकणाऱ्या कंपनीने डब्यासोबत संरक्षक संच द्यावा, पंपाचा दर्जा ठरावा, तालुक्याच्या दवाखान्यात उताऱ्याचं औषध हंगामभर असावं. आणि अपघात योजनेत मजुराचं नाव घाला.

तुमच्या गावात फवारणीचा रोज काय चाललाय, आणि रोजासोबत मजुराला हातमोजे-मास्क कोण देतं का, कमेंटमध्ये लिहा. ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर ही पोस्ट खुशाल वाचून दाखवा.