हाड कुणाचं?

आजचा एपिसोड आईमुळे सुचला. तिची दाढ काढून सहा वर्षं झाली होती. वाशीतले डेंटिस्ट म्हणाले, "इम्प्लांट बसेल, पण आधी बोन ग्राफ्ट लागेल." दाताचं मूळ गेलं की तिथल्या हाडावर भार येत नाही, मग ते झिजत जातं आणि स्क्रू धरायला जागाच उरत नाही. आईने मला कोपराने ढोसलं, "विचार ना, हाड कुणाचं?"

तर पर्याय तीन. स्वतःचं, म्हणजे हनुवटीतून किंवा कमरेतून काढलेलं. गायीच्या हाडापासून बनवलेलं (हे आईला सांगताना मी जाम अडखळलो). किंवा दुसऱ्या माणसाने दिलेलं.

या गोष्टीत १९६५ हे साल भारी आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते २००६ मध्ये, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं, की हाडातली खनिजं काढून उरलेला भाग शरीरात ठेवला तर तिथे नवं हाड तयार होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता!

आपल्याकडची कडी मात्र खाडीपलीकडे आहे. लोकलने वाशीहून मानखुर्दला जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बे. तिथे १९७४ मध्ये आयसोमेड सुरू झालं: कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करायचा प्लांट. आणि १९८८ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात टिश्यू बँक आली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा तिला आधार होता. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली.

कॅन्सरच्या हॉस्पिटलात हाडांची बँक का? कारण ट्यूमर काढल्यावर उरलेली पोकळी भरायला हाड लागतं. ते येतं कुठून? बऱ्याचदा खुब्याचा सांधा बदलताना काढलेल्या हाडाच्या गोळ्यातून, म्हणजे एरवी फेकून दिलं असतं त्यातून. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिसची तपासणी होते, हाड धुऊन गोठवून सुकवतात, मग गॅमाचा डोस. अशा सुक्या हाडाला फ्रीज लागत नाही. आपल्या हवेत ही केवढी सोय! दातांच्या डॉक्टरांकडे पोचते ती याचीच पूड, छोट्या बाटलीत.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि माणसाचंच निवडलं. फक्त खुर्चीत बसता बसता डॉक्टरांना विचारलं, "देणाऱ्याचं नाव कळतं का हो?"

नाही कळत. बाटलीवर नंबर असतो.