काढता न येणारा सहकारी

कामाच्या जागी एखादा माणूस छळतो, अडवतो, कागद दाबून ठेवतो, तेव्हा त्याच्या सोबत्यांना सहसा दोनच सल्ले मिळतात: जुळवून घ्या, नाहीतर बदली मागा. पहिल्यात सगळा भार सोसणाऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यात भांडण फक्त जागा बदलते. वऱ्हाडातल्या गावांच्या जुन्या कारभाराकडे पाहिले, तर तिसरी वाट दिसते. खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा घ्या किंवा पूर्णेच्या खोऱ्यातले काळ्या जमिनीचे कोणतेही मोठे गाव घ्या. तिथला कारभार पिढ्यान्‌पिढ्या वतनदारांनी चालवला. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. यातल्या कोणालाही दुसऱ्याला सहजी काढता येत नव्हते, आणि वतन टिकवायचे तर स्वतःलाही गाव सोडता येत नव्हते. न पटणाऱ्या माणसाबरोबर जन्मभर काम करायचे, आणि आपल्यामागे मुलांनीही त्याच्या मुलांबरोबर तेच करायचे, हे त्यांच्या नोकरीचे स्वरूप होते. म्हणून त्यांनी स्वभाव सुधारण्याची वाट पाहिली नाही. कामाची वाटणी, मानाचा क्रम आणि तंट्याचा निवाडा या तिन्ही गोष्टी त्यांनी कागदावर आणि चारचौघांच्या साक्षीने बांधून टाकल्या.

ही गरज कामातूनच आली होती. लावणी वाढवणे, रयतेला धीर देणे, वसूल जमवणे आणि सरकारपुढे गावाची बाजू मांडणे पाटलाकडे असे. कोणाची किती जमीन, कोणी किती भरले, बाकी किती राहिली, याचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. पाटलाला बहुधा लिहिता येत नसे, आणि कुलकर्ण्याच्या शब्दावर रयत वसूल आणून देत नसे. एकाने हात आखडला की दुसऱ्याचे काम थांबे. शिवाय अठराव्या शतकात वऱ्हाडावर दुहेरी अंमल होता. 1724 साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनवर आपला अंमल बसवला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी चौथाई, सरदेशमुखी आणि फौजदारीचा हक्क यांच्या जोरावर इथल्या वसुलात मोठा वाटा मिळवला. ढोबळ मानाने भोसल्यांचे साठ आणि निजामाचे चाळीस, अशी ती वाटणी सांगितली जाते. 1803 साली इंग्रज आणि भोसले यांच्यात देवगावचा तह होईपर्यंत एकाच शिवारावर दोन धन्यांचे अंमलदार येत राहिले. त्यांच्या ओढाताणीत गाव टिकवायचे, तर निदान गावातल्या कारभाऱ्यांनी आपसांत ठरलेली रीत पाळणे भाग होते.

ती रीत किती बारकाईने लिहिली जाई, हे निम्म्या पाटीलकीच्या कागदांत दिसते. कर्जापायी, दुष्काळामुळे किंवा भाऊबंदकीतून पाटीलकी विभागली जाई आणि एका गावाला दोन पाटील होत. असे छापून आलेले कागद बहुतेक घाटावरच्या देशातले आहेत, पण वतनाची घडण वऱ्हाडातही तीच होती. सरकारी शिरपाव आधी कोणी घ्यायचा, विडा आधी कोणाच्या हाती द्यायचा, होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, कागदावर नांगराची निशाणी वर कोणाची आणि खाली कोणाची, हे सगळे त्यांत एकेक करून नोंदलेले असते. आज हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. पण पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मानाचे बैल कोणाचे उभे राहणार, यावर वऱ्हाडात आजही गावे ताणली जातात. जिथे भांडण हमखास होणार, तो क्षण आधीच ओळखून लिहून ठेवणे हा या कागदांचा शहाणपणा होता.

तरीही तंटा झालाच, तर गोतसभा बसे. तिच्यात देशमुख, देशपांडे, आसपासचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदारही असत. दोन्ही बाजूंकडून निवाडा मान्य करू असा लेख आधीच घेतला जाई आणि त्याला जामीनही लागे. निर्णयाच्या महजरावर ज्याची त्याची निशाणी उठे: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. हरलेल्याला आपला दावा खोटा ठरल्याचे यजितखत स्वतः लिहून द्यावे लागे. पुढच्या वागणुकीसाठीही जामीन घेण्याची चाल होती. त्रास देणाऱ्याचे मन वळले की नाही, हे कोणी विचारत नसे. तो कसा वागेल याची हमी त्याच्याच ओळखीच्या माणसाने घ्यायची असे.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्या व्यवस्थेने तंट्यांची दप्तरेच्या दप्तरे मागे ठेवली, ती यशस्वी कशी म्हणावी? कागद भांडणांचे आहेत हे खरे. पण त्याच दप्तरांत त्याच वर्षांचे जमाखर्चही आहेत. वाद चालू असताना पेरणी, पाहणी आणि वसूल चालू राहिले. भांडणाला स्वतंत्र जागा मिळाली, म्हणून ते रोजच्या कामात कमी शिरले. यात एक मोठी खोट मात्र होती. मान आणि काम यांची गाठ इतकी घट्ट बसली की काही ठिकाणी मानासाठीच पिढ्या खपल्या आणि काम दुय्यम झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्यच करायला हवा. ही रीत वरच्यांना एकमेकांपासून वाचवत होती. खालच्यांना वरच्यांपासून तिने वाचवले नाही. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. गावाचा वसूल तोच पोचवी, वेस तोच राखी. पण रात्री-अपरात्री आलेल्या हुकमाला नाही म्हणायची त्याला सोय नव्हती, आणि त्याच्या कामाला मोजमापही नव्हते. मोबदल्याच्या नावाने तुटपुंजे वतन आणि दारोदार मागावे लागणारे बलुते. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते यासाठीच. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्यासाठी सामंजस्याचा उपदेश म्हणजे निव्वळ जुलूम.

वतनी कारभार टप्प्याटप्प्याने संपला. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1900 साली वऱ्हाडचे पाटील आणि पटवारी, म्हणजे कुलकर्णी, यांच्यासाठी वेगळा कायदा झाला आणि 1962 च्या कायद्याने महसुली पाटीलकी रद्द झाली. वतनदारांच्या जागी गावात तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल आणि पोलीस पाटील आले. जन्माने मिळणारा अधिकार गेला, हे निखालस चांगले झाले. पण त्याबरोबर लेखी वाटणीची आणि उघड निवाड्याची सवयही सुटली, हे नुकसान झाले. तक्रारीला ठरलेली जागा देणारी एक वाट मात्र नंतर निघाली: कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली कायदा झाला. त्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती आणि लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती सक्तीची केली. ही वाट योग्य आहे, आणि ती फक्त एका प्रकारच्या त्रासापुरती थांबू नये. प्रत्येक कचेरीने, शाळेने, बाजार समितीने आणि दुकानाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणाचे काम काय, तंटा कोणापुढे मांडायचा, आणि सर्वांत दुबळ्या माणसाला नाही म्हणण्याचा हक्क कसा मिळेल. पहिल्या दोन गोष्टी आपल्या गावांना येत होत्या. तिसरी त्यांनी कधीच केली नाही, आणि ती आपण केल्याशिवाय पहिल्या दोन न्याय्य ठरणार नाहीत.