शीड, दोर आणि सुकाणू

युसूफ वडगावी बसून समुद्रप्रवासाच्या नावेचा विचार करावा, याचे पुष्कळांस नवल वाटेल. आपल्याकडे पाण्याची गोष्ट निघते ती पावसाची, विहिरीची, फार तर मांजरेच्या धरणाची. समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहून दूर. परंतु जुन्या भारतीय जहाजाचे एक अत्यंत बोलके चित्र कोकणात नव्हे, तर आपल्या मराठवाड्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या एका चित्रात, तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. उंच, उभट शिडे, मागील बाजूस सुकाणूचे वल्हे, नाळेवर काढलेला डोळा आणि जहाजात ओळीने मांडलेले रांजण. हे चित्र पाहिले की जहाजाचा साज म्हणजे काय, हा प्रश्न मनात उभा राहतो.

साज हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. बैलगाडी तीच असली तरी उसाची मोळी वाहावयाची असता तिची बांधणी निराळी आणि जत्रेला माणसे न्यावयाची असता निराळी, हे येथे कोणास सांगावयास नको. नावेचेही तसेच आहे. शीड किती मोठे, दोर किती जाड, सुकाणू कोणत्या जातीचे, हे ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : नावेचे अंग कसे आहे, वारा कोणता मिळणार आहे आणि ती चालविणारे हात किती व कसे आहेत.

प्रथम अंगाचा विचार करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेले प्रवासवर्णन लिहिले. आपल्या पूर्व किनाऱ्यावर मोठमोठे ओंडके एकत्र बांधून केलेली ‘संगर’ नावाची फार मोठी जहाजे चालतात, असे तो सांगतो. तमिळ भाषेत ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेले लाकूड. त्याच शब्दावरून ‘कॅटमरान’ हा शब्द जगभर गेला आणि पुढे तो दोन अंगे जोडून केलेल्या नावेस लावला गेला. अशी जोडनाव आज लांबच्या सफरीसाठी आवडीने घेतली जाते, कारण ती रुंद असल्यामुळे फारशी कलंडत नाही. मात्र याच गुणात धोका आहे. एकेरी नाव झोताबरोबर झुकते आणि शिडातला बराच वारा सांडून देते. जोडनाव ताठ उभी राहते, म्हणून झोताचा सारा भार डोलकाठीवर आणि तिला ताणून धरणाऱ्या दोरांवर येतो. झुकती नाव खलाशास वेळीच बजावते, ताठ नाव बजावीत नाही. यास्तव जोडनावेवर वारा मोजण्याचे साधन हवे, दोर भक्कम हवेत आणि वारा अंगावर येण्याआधीच शीड आखडण्याची सोय हवी.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. तोच व्यापारी लिहितो की पैठण आणि तगर येथून माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास नेत असत. पैठणचा माल म्हणजे गोमेदासारखे दगड. तगरचा माल म्हणजे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे. तगर म्हणजे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. आपल्या शेजारच्या मागावरचे कापड अशा रीतीने सागरी व्यापारात पोहोचले. ज्या सातवाहनांची राजधानी पैठण, त्यांच्यापैकी यज्ञश्री सातकर्णीच्या, दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते.

अजिंठ्यात दिसते तसल्या चौकोनी शिडास पाठीचा वारा उत्तम मानवतो; समोरच्या वाऱ्यावर चढून जाणे त्यास कठीण. परंतु अरबी समुद्रात वारा ऋतूप्रमाणे फिरतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वाहून अरबस्तानाकडे जाणाऱ्यास साह्य करतो. योग्य महिन्याची वाट पाहणे हाही जुन्या जहाजाच्या साजाचाच भाग होता. ज्यास वाट पाहता येत नाही, त्याने निराळे शीड लावावे. आंग्रे यांच्या आरमाराचे उदाहरण घ्या. त्यांची गलबते सहसा सत्तर टनांहून मोठी नसत. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही, असे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या तोंडाजवळ जाऊ शकते आणि वारा पडला तर वल्ही आहेतच. किनाऱ्यालगत पाठलाग करणाऱ्यास हाच साज योग्य.

तिसरी गोष्ट हातांची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून तीत एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. एकट्या माणसास झोप तर घ्यावीच लागते. म्हणून त्या नौकेवर वाऱ्याच्याच बळाने दिशा धरून ठेवणारे यंत्र बसविले होते. जेथे चाळीस वल्हेकरी असतात तेथे अशा यंत्राचे काम नाही. जेथे माणूस एकच, तेथे त्यावाचून गती नाही.

आता पुन्हा अजिंठ्याकडे वळू, कारण त्याच दांडेकरांच्या कंपनीने पुढे या चित्रातले जहाज प्रत्यक्षात आणण्याचे काम अंगावर घेतले. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि ही कंपनी यांच्यात करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या गेल्या. अडचण अशी की चित्रकाराने जहाज बाहेरून दाखविले, आतून नाही. डोलकाठी कशात रोविली, कोणता दोर कोठे बांधला, सुकाणूचे वल्हे कशाने पेलले, यांची उत्तरे भिंतीवर नाहीत. एकही जुना आराखडा हाती नव्हता. म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये नमुन्याची पाण्यात परीक्षा झाली, लाकडी डोलकाठीवरील भार नौदलाने तपासला आणि आजच्या खलाशांना चौकोनी शीड हाताळणे नव्याने शिकावे लागले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने हे जहाज नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून ईशान्येच्या वाऱ्याच्या ऋतूत निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

या साऱ्यातून आम्ही एक बोध घेतो. चित्रात रूप टिकते, विद्या टिकत नाही. विद्या हातात असते आणि हाताकडून हाताकडे जाते. मधला एक हात सुटला की पंधराशे वर्षांनी विद्वान, अभियंते आणि खलाशी यांस एकत्र बसून अंदाज बांधावा लागतो. त्यातही शिवण्याची कला तेवढी केरळच्या कारागिरांपाशी जिवंत होती, म्हणून ते काम शक्य झाले.

ही गोष्ट समुद्रापुरती नाही. अंबाडीचा दोर वळणारे, गाडीचे चाक भरणारे आणि त्यावर लोखंडी धाव तापवून चढविणारे कारागीर आपल्या पंचक्रोशीत किती उरले, याची मोजदाद आपणच करावयाची आहे. गाडीचे छायाचित्र काढणे सोपे आहे. परंतु धाव किती तापवावी, दोरास पीळ किती द्यावा, हे छायाचित्रात येत नाही. ते सांगणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी तरुणांनी जाऊन बसावे, विचारावे, लिहून घ्यावे आणि जमल्यास एकदा तरी आपल्या हाताने करून पाहावे.