उत्तरकुरू

महाकाव्ये व पुराणे यांनी मेरुपर्वताच्या उत्तरेस कल्पिलेला प्रदेश. जंबुद्वीपाच्या नऊ वर्षांपैकी (खंडांपैकी) एक. ऐतरेय ब्राह्मणात हिमवंतापलीकडचा जनपद म्हणून याचा निर्देश आहे. टॉलेमीच्या भूगोलातील ‘ओत्तोरोकोरा’ हे याच नावाचे रूप मानले जाते. स्थाननिश्चिती वादग्रस्त.

भूरचना : मेरू जमिनीवर ८४,००० व जमिनीखाली १६,००० योजने. विष्णुपुराणानुसार त्याच्या उत्तरेस नील, श्वेत व शृंगी हे वर्षपर्वत असून त्यांपलीकडे उत्तरकुरू. महाभारताच्या भीष्मपर्वात मात्र तो नीलाच्या दक्षिणेस येतो. गंगेच्या चार प्रवाहांपैकी भद्रा येथून उत्तर समुद्रास मिळते. रामायणाच्या किष्किंधाकांडात सुग्रीव वानरांना उत्तरकुरूच्याही पुढचा सोमगिरी सांगतो : तेथे सूर्य नाही, पर्वताच्या प्रभेनेच उजेड पडतो, त्यापुढे जाऊ नये. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव, असे प्रतिपादन लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या ग्रंथात केले. ते सर्वमान्य नाही.

हवामान : स्थान हिमापलीकडे असूनही भीष्मपर्वात थंडीचे वर्णन नाही, भूमी सुखस्पर्श, चिखल नसलेली.

वनस्पती : सदा फळणारे वृक्ष. काहींतून दूध स्रवते, काहींच्या फळांत वस्त्रे व अलंकार निपजतात.

प्राणी : ठळक नोंद एकाच पक्ष्याची, भारुंडाची. येथील माणसे ११,००० वर्षे जगतात. कोणी मेले की तीक्ष्ण चोचीचे, महाबली भारुंड प्रेत उचलून गिरिकंदरांत टाकतात. उत्तरकुरूतील भारुंडाला दोन डोकी असल्याचे भीष्मपर्व सांगत नाही. पंचतंत्रातील भारुंडाला मात्र दोन चोची आणि पोट एकच. एका मुखाला अमृतासारखे फळ मिळाले. त्याने दुसऱ्याला वाटा दिला नाही. दुसऱ्याने रागाने विषफळ गिळले आणि दोघेही मेले. शिल्पातील दुतोंड्या गंडभेरुंडाचा संबंध याच पक्ष्याशी जोडतात. तो कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आहे. दक्षिणेतील शिल्पांत तो चोचींत व पंजांत हत्ती धरलेला दिसतो. प्रेते वाहणाऱ्या पक्ष्याकडे हत्ती पेलण्याइतके बळ कसे आले, याचा उलगडा वरील ग्रंथांत नाही. बहुधा शिल्पकारांनीच ते दिले असावे.

मराठीत भारुंड पक्षी नावापुरता उरला, असे एक मत आहे. ‘भारुड’ (रूपकात्मक लोकगीत) हा शब्द भारुंडावरून आला असावा : वरचा अर्थ विंचवाचा, दादल्याचा, जोगव्याचा, आतला परमार्थाचा, तोंडे दोन, पोट एक. दुसरी व्युत्पत्ती ‘बहुरूढ’ अशी देतात. निर्णय झालेला नाही. संत एकनाथांची भारुडे दोन्ही व्युत्पत्तींना पुरून उरतात.

लोकवस्ती : स्त्री-पुरुष जोडीने जन्मतात. इतर तपशील त्रोटक.