पऱ्हाटीच्या पानात एक दुपार

नोव्हेंबर असूनही ऊन चटके देतंय. साल 1864. अकोल्याजवळच्या एका वावराच्या धुऱ्यावर तुम्ही उभे आहात. एका अंगाला पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर उंच जवारी. गाडीवाटेनं कापसाच्या बैलगाड्या अमरावतीच्या बाजाराकडे चालल्यात. अमेरिकेत यादवी पेटलीय, मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई पुरेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. आगगाडी नागपूरला पोचायला अजून दोनेक वर्षं आहेत.

"काय पाहून राह्यले भाऊ?" धुऱ्यावरचा म्हातारा विचारतो.

"पान."

"पानाले काय पाह्यता? बोंड पाहा!"

खरंय, भाव बोंडाला. पण बोंड भरतं ते पानातून. तिळाहून लहान व्हा आणि पानाच्या पाठीवरच्या एखाद्या छिद्रातून आत शिरा. हिरव्या दाण्यांची दाटी. त्यांतलं हरितद्रव्य उन्हातला लाल-निळा प्रकाश शोषतं, हिरवा बराचसा परतवतं. त्या बळावर पाण्याचा रेणू फुटतो. प्राणवायू बाहेर पडतो. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, आणि त्या देवघेवीत साठलेल्या ऊर्जेवर हवेतला कर्बवायू साखरेत गुंफला जातो. हीच साखर मण्यांसारखी ओवली की सेल्युलोज. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची. म्हणजे त्या गाड्यांत भरलाय तो बहुतेक वारा आणि पाणी!

याच सुमारास जर्मनीत, बॉनजवळ, वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स पानाचा काही भाग झाकून ठेवतोय. उन्हातल्या भागाला आयोडीन लागलं की तो निळा-काळा पडतो. तिथं स्टार्च झालेलं असतं.

दुपार चढते. पाणी वाचवायला पऱ्हाटीची छिद्रं आक्रसतात, कर्बवायू कमी पडतो. मग कर्बवायू धरणारं रुबिस्को हे विकर चुकतं, कर्बवायूऐवजी प्राणवायूच धरतं, आणि हातचा कर्ब पुन्हा हवेत जातो. आता शेजारच्या तासात उडी मारा. जवारीत दुसरंच विकर आधी कर्बवायू पकडतं आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंडतं. रुबिस्को तिथं आत बसलेलं, त्याला चुकायला फारसा वावच नाही. ही युक्ती नीट उकलायला 1966 उजाडावं लागलं, तेही ऑस्ट्रेलियात, उसाच्या पानात, हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांच्या हातून.

उन्हाचा हिशेब जवारीला चांगला जमतो, बाजार मात्र पऱ्हाटीकडे बघतो. म्हाताऱ्याला दोन्ही ठाऊक. "पऱ्हाटीनं सारा फिटते," तो म्हणतो, "जवारीनं पोट भरते."

दिवस मावळतो. पानातलं स्टार्च आता विरघळेल, साखर होऊन रात्रभर देठातून बोंडाकडे जाईल. म्हातारा जागलीला निघालाय. माळ्यावर चढण्याआधी चतकोर भाकर तुमच्या हातावर ठेवतो.

"खा. मागच्या सालची जवारी हाय."