गार्डची नोकरी

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ह्या बाजूला ‘गार्ड’ म्हटले की डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो. अंगात पांढरा पोषाख, हातात लाल-हिरवी निशाणे, ओठात शिट्टी आणि शेजारी फलाटावर ठेवलेली ती काळी लोखंडी पेटी. गाडी इंजिन ओढते खरी, पण गार्डाने हिरवे निशाण दाखविल्याशिवाय इंजिनाची काय बिशाद की ते हलेल! रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये ह्या गृहस्थांचे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. नाव भारदस्त आहे. पण ‘गार्डसाहेब’ ह्या हाकेतला रुबाब त्यात नाही, असे आमचे आपले मत.

ज्या गार्डाची हकीकत येथे सांगावयाची आहे, तो मात्र आगगाडीतला नव्हे. बास्केटबॉलच्या मैदानातला आहे. एवढे वाचून घरातील वडील मंडळींनी अंक मुलांच्या हाती देऊन टाकू नये. कारण ह्या हकीकतीच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो मुलांचा नसून वडिलांचाच आहे. खानदेशात कोणत्याही घरी पोरगा संध्याकाळी मैदानावर फार रेंगाळू लागला की ओसरीवरून विचारणा होतेच, “खेयीसन पोट भरस का रे भो?” खेळून पोट भरते काय? ह्या प्रश्नाला जगात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालच्या डिसेंबरातला. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामाला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. नेस्मिथांनी दालनाच्या दोन्ही टोकांना सज्जाच्या कठड्यावर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. तो कठडा दहा फूट उंच होता. म्हणून आजही जगभर कडे दहा फुटांवरच असते. नऊ जणांत तिघे पुढे, तिघे मध्ये आणि तिघे आपल्या टोपलीखाली उभे. हे शेवटचे तिघे म्हणजे गार्ड. निव्वळ पहारेकरी! चेंडू आला की परतवायचा, टोपली राखायची, यापलीकडे त्यांना काम नव्हते. पहिल्या त्या खेळात एकूण एकच चेंडू टोपलीत पडला, असे सांगतात.

पहारेकऱ्याचा कारभारी कसा झाला, ही मोठी गमतीची कथा आहे. पूर्वी प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी वर उडवीत, आणि जो उंच त्याच्या हाती तो लागे. १९३७ साली ही रीत बंद झाली. आता ज्याच्यावर गोल झाला त्याने आपल्याच टोपलीखालून चेंडू घेऊन निघायचे. मग तो पार पलीकडे नेणार कोण? टोपलीखाली उभा असलेला, बुटका, चपळ, हाताने पक्का असा गार्डच! तेव्हापासून चेंडू प्रथम त्याच्या हाती येऊ लागला. कोणाला केव्हा द्यायचा, खेळ केव्हा पळवायचा, केव्हा थोपवायचा, हे तो ठरवू लागला. नाटकातला सूत्रधारच म्हणाना. फरक इतकाच की सूत्रधार नांदी झाल्यावर आत जातो, हा शेवटपर्यंत रंगभूमीवर असतो.

पैशाचा प्रवेश मात्र फार लवकर झाला. १८९६ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सी प्रांतातील ट्रेंटन गावी काही खेळाडूंनी मेसन मंडळींचे सभागृह भाड्याने घेतले, तिकिटे लावली, आणि खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला १५ डॉलर आले. कप्तानाने एक डॉलर अधिक घेतला. धंदेवाईक बास्केटबॉलचा आरंभ म्हणून हा सामना सांगितला जातो. पुढे पुष्कळ वर्षे हे संघ आपल्याकडच्या तमाशाच्या फडांसारखे गावोगाव हिंडत. मैदानाभोवती तारेची जाळी असे, म्हणजे चेंडू आणि खेळाडू प्रेक्षकांत पडू नयेत. आज ह्या गावचा फड, उद्या चार डॉलर जास्त देणाऱ्या दुसऱ्या गावचा. हंगाम संपला की खेळाडू पुन्हा गिरणीत नाही तर दुकानात.

ह्या धंद्याला घडी बसली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्या काळचा सर्वांत नामांकित गार्ड म्हणजे बॉब कूझी. फ्रान्समधून आलेल्या गरीब कुटुंबातला हा मुलगा. बाप टॅक्सी चालवी. शाळेच्या संघात त्याला घेतले नव्हते. तेराव्या वर्षी झाडावरून पडून उजवा हात मोडला. हात गळ्यात बांधलेला, खेळ तर सुटेना. मग पठ्ठ्या डाव्या हाताने चेंडू खेळवू लागला. हाड सांधले तोवर दोन्ही हात सारखेच तयार झाले होते, आणि गार्डाला दुसरे काय हवे असते?

पण १९५० साली हाच कूझी महाविद्यालयातून बाहेर पडला तेव्हा त्याची निवड करणाऱ्या संघाने त्याला ६,००० डॉलर देऊ केले, आणि त्याने नकार दिला. वूस्टर गावात मोटार शिकविण्याची शाळा काढण्याचा त्याचा बेत होता! दुसऱ्या संघाकडे त्याला धाडले, तर तो संघच बुडाला. त्या बुडालेल्या संघाच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकल्या आणि तीन मालकांनी एकेक उचलली. बोस्टनच्या मालकाच्या हाती आली ती कूझीची. हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाच्या चिठ्ठ्याही याहून जपून काढतील. ह्या चिठ्ठीतून निघालेल्या गार्डाने बोस्टनला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली आणि साथीदाराला गोलासाठी चेंडू पुरविण्यात लागोपाठ आठ हंगाम पहिला क्रमांक राखला.

त्याच्या काळी एक विचित्र अडचण होती. संघ आघाडीवर गेला की चेंडू गार्डाकडे द्यायचा आणि त्याने तो नुसता खेळवीत बसायचे. १९५० साली एक सामना १९ विरुद्ध १८ असा संपला; लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले तर नवल नाही. अखेर सिराक्यूसचे मालक डॅनी बियासोन ह्यांनी साधे त्रैराशिक मांडले. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० वेळा चेंडू कड्याकडे फेकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार २४. तेव्हा २४ सेकंदांच्या आत चेंडू फेकलाच पाहिजे, असा नियम १९५४ साली झाला. घड्याळ आले आणि गार्डाची नोकरी कठीण झाली. आता दर खेपेला त्याला चोवीस सेकंदांत निर्णय घ्यावयाचा होता.

त्याच वर्षी कूझीने खेळाडूंची संघटना काढली. हा भाग आम्हांला त्याच्या गोलांपेक्षा मोठा वाटतो. इतक्या प्रेक्षकांना वेड लावणाऱ्या खेळाडूंना निवृत्तिवेतन नव्हते. कूझी निवृत्त झाल्यावर, १९६४ साली बोस्टनच्या एका मोठ्या सामन्याआधी खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले आणि पेन्शनचे वचन मिळाल्यावरच मैदानात उतरले.

सगळ्यांची चिठ्ठी टोपीतून निघत नाही. वटारु मिसाका हा जपानी आईबापांचा, अमेरिकेतच यूटा प्रांतात जन्मलेला मुलगा. उंची पाच फूट सात इंच. म्हणजे आपल्या बाजारपेठेतल्या कोणत्याही दुकानातील तरुणाइतकी. जपानशी युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. अशा वेळी, १९४७ साली, न्यूयॉर्कच्या संघाने त्याला गार्ड म्हणून घेतले. त्या काळच्या गोऱ्यांच्या ह्या धंद्यात आलेला हा पहिला बिगरगोरा खेळाडू. तीन सामने खेळल्यावर त्याला निरोप मिळाला. गावोगाव हिंडणाऱ्या एका प्रसिद्ध संघाने बोलावले, तर त्याने नको म्हटले. घरी जाऊन यंत्रशास्त्राची पदवी पुरी केली आणि जन्मभर इंजिनियर म्हणून काम केले. २०१९ साली तो वारला तेव्हा त्याचे वय ९५ होते. ओसरीवरच्या वडिलांना हाच गार्ड सर्वांत पसंत पडेल!

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे हा खेळ वाय. एम. सी. ए.नेच रुजविला, हॅरी बक ह्यांनी १९२० साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तिथून शिकून गेलेले शिक्षक देशभर पसरले. १९३४ साली दिल्लीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मधल्या १९३६ सालातील एक योगायोग सांगण्याजोगा आहे. बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला, आणि अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात चिखलात झाला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीची, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवीत होती.

महाराष्ट्रात ह्या खेळाचे खरे माहेर मुंबईचा नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी १९२७ साली तेथे ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. समाजकार्याची जी टाटा संस्था आज जगप्रसिद्ध आहे, ती १९३६ साली ह्याच वास्तूत जन्मली. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या. क्रिकेटला जागा कोठून आणायची? बास्केटबॉलला मात्र एक अंगण पुरते. त्या अंगणांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघाले. त्यांतले सर्वांत गाजलेले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले, आणि पुढे हिंदी चित्रपटांत खलनायकाच्या टोळीत दिसू लागले. कप्तानालाही चरितार्थासाठी पडद्यावर मार खावा लागला, ह्यात काय ते समजावे.

मग आमच्याकडच्या गार्डाने पोट कशावर भरले? तर रेल्वेवर! ही प्रथा जुनी आहे. पुण्यात पार्शी मंडळींच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणारे पालवणकर बाळू पुढे मुंबईस आले ते रेल्वेच्या नोकरीच्या आधाराने खेळले. पुण्यात ज्यांना चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे, त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. रेल्वेची क्रीडा संघटना १९२८ सालची. खेळाडूची चाचणी घ्यायची, त्याला नेमणुकीचा कागद द्यायचा, सरावासाठी वेळ आणि स्पर्धेसाठी रजा द्यायची, आणि गुडघा कुरकुरू लागला की त्याला खुर्ची द्यायची, असा हा व्यवहार. पगार ऐटदार नव्हे, पण महिन्याच्या महिन्याला. महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य राहिला, त्याचे कारण हेच की देशातल्या चांगल्या मुली त्या कागदासाठी रेल्वेकडे येत. पुण्याची शिरीन लिमये ही रेल्वेकडून खेळणारी. २०१७ साली बंगलोरला कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनी हरवून आशियाई स्पर्धेचा दुसऱ्या गटाचा चषक जिंकणाऱ्या संघात ती होती, आणि पुढे भारताची कप्तान झाली. पुरुषांत काशीचा विशेष भृगुवंशी हा गार्ड तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या नोकरीत राहून भारताचा कप्तान झाला. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ॲडिलेडच्या धंदेवाईक संघाने त्याला करार दिला, २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. पण नोकरी होती म्हणूनच इतकी वर्षे टिकला, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे धंदेवाईक सामन्यांचे फडही निघाले. २०१५ मध्ये निघालेल्या एकात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता. दोन वर्षांत तो फड उठला. त्यानंतर आणखी निघाले आहेत.

खानदेशचा मर्द गडी अजून कुस्तीकडेच वळतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, आणि सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षक केले. हेलसिंकीहून १९५२ साली ब्राँझपदक आणणारे खाशाबा जाधव मात्र १९५५ मध्ये साध्या फौजदारीवर लागले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणानंतर मिळाला. साठ वर्षांत एवढा फरक पडला, हे काही थोडे नाही. राज्य सरकारने २००५ साली खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखल्या, त्याचाही गावोगावच्या पोरांनी फायदा घेतला आहे. त्या पाच टक्क्यांत बास्केटबॉलही बसतो, आणि गार्डाच्या जागेला साडेसहा फूट उंची लागत नाही. तेव्हा धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या शाळेच्या अंगणात कडे दिसले, तर त्याखाली खेळणाऱ्या बुटक्या पोरीला वडिलांनी लगेच घरी हाकू नये.

ही नोकरी टिकते किती, असेही कोणी विचारील. उंच खेळाडू लवकर थकतो. गार्ड डोक्याने खेळतो, म्हणून जरा जास्त पुरतो. कूझी १९६३ साली निवृत्त झाला. सहा वर्षांनी तो सिनसिनाटीच्या संघाचा गुरू होता. तिकिटे खपेनात, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी कपडे चढवून तो स्वतः मैदानात उतरला. सात सामने खेळला, आणि मग पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसला.